चार वस्त्यांचा पट

मित्रांनो, मी एक जुना पट आहे. सारीपाटाचा नव्हे आणि बुद्धिबळाचाही नव्हे. माझ्या एका अंगावर आकाश रंगवलेलं आहे आणि दुसऱ्या अंगावर खाडी. सध्या मी पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधावर, पत्र्याच्या एका खोपीत भिंतीला टेकून उभा आहे. माझं आकाश भिंतीकडे वळवलेलं आहे. ते मला स्वतःलाही आता नीट आठवत नाही. पण बाकीचं सगळं आठवतं, आणि ते मला तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म पेणला, गणपतीच्या एका कारखान्यात झाला. मोठ्या मूर्ती परदेशी पाठवण्यासाठी तिथे लाकडी खोकी बनवत. अशाच एका खोक्यातून उरलेली मी एक फळी. पावसात भिजून वाकायचंच माझ्या नशिबी होतं. पण तिथे पुंडलिककाका होते. तीस वर्षं त्यांनी मूर्तींचे डोळे रेखले होते. एके दिवशी त्यांच्याकडे नमिताबाई आल्या. त्या पूर्वी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि बदली झाल्यावर रोह्याजवळ, कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीला राहायला गेल्या होत्या.

“काका, मला एक आकाश काढून द्या,” बाई म्हणाल्या. “पण आपलं नको. खूप लांबचं.”

“लांबचं म्हणजे कुठलं?”

“जिथे आपली माणसं जाऊन राहिली आणि मग आपण त्यांना विसरलो, तिथलं.”

काका हसले. मग त्यांनी शंकराच्या मूर्तीला देतात तो निळा रंग घेतला, त्यात काळा मिसळला आणि मला दोन हात दिले. मधोमध पितांबराच्या पिवळ्या रंगाचा एक मोठा ग्रह काढला. त्याच्याभोवती चार चंद्र काढले आणि प्रत्येक चंद्रावर घुमटाखाली वसलेली एकेक वस्ती. मला इतकं सुंदर कोणी केलं नव्हतं. रंग वाळेपर्यंत मी हललोसुद्धा नाही.

नमिताबाईंनी माझ्यावर खेळायला रचलेली गोष्ट अशी होती. पृथ्वीवरून तिथे दर वर्षी जहाज यायचं. एका वर्षी ते आलं नाही. नंतर कधीच आलं नाही. का, ते कोणालाच कळलं नाही. मागे उरल्या चार वस्त्या. त्यांच्यावर राजा नाही, सरकार नाही. चारही स्वतंत्र, चारही एकट्या. हिमखारकडे बर्फाच्या खाणी होत्या, म्हणजे पाणी होतं. हिरवळकडे हवा देणारं शेवाळ होतं. लोहपूरकडे घुमटांना ठिगळं लावायचं लोखंड होतं. चौथ्या वस्तीचं नाव टेहळणी. तिच्याकडे एका उंच मनोऱ्याखेरीज काहीच नव्हतं. पण तिथल्या ताऱ्यावरून अधूनमधून आगीची वादळं सुटायची आणि ती फक्त त्या मनोऱ्यावरून आधी दिसायची. वेळेवर खबर मिळाली तर माणसं जमिनीखाली उतरून वाचायची. नाही मिळाली, तर नाही.

खेळायला पुंडलिककाका होतेच. बाकीचे तिघं बाईंचे जुने विद्यार्थी. रोह्याच्या आतल्या गावातला भातशेती करणारा प्रविण. धामणखारचा जितेश, जो नागोठण्याजवळ एका कंपनीत कंत्राटावर होता. आणि करंजखारची भाविका, जिचं पेणला झेरॉक्सचं दुकान होतं. धामणखार आणि करंजखार ही खाडीकाठची शेजारी गावं. दोघांचं भात एकाच बांधाच्या आडोशाला पिकतं.

जितेशने हिमखार घेतलं. प्रविणने हिरवळ, काकांनी लोहपूर. “उरली ती भिकारी वस्ती माझी,” असं म्हणत भाविकाने टेहळणी घेतली. पण तिचे डोळे चमकले होते. मी ते खालून पाहिलं.

दर रविवारी अकरा वाजता अष्टमीला बाईंच्या माडीवर मला मांडत. सोंगट्यांऐवजी प्रविणच्या घरचे कडवे वाल असायचे. एक वाल म्हणजे एक हजार माणसं. पहिल्याच महिन्यात चौघांनी मिळून बाईंच्या वहीत एक करार लिहिला. टेहळणीने वादळ दिसताक्षणी सगळ्यांना खबर द्यायची, मग कोणाशी भांडण असो वा नसो. त्या बदल्यात हिमखारने तिला पाणी द्यायचं. त्याला ते खबर-करार म्हणत. दोन वर्षं तो पाळला गेला. माझ्यावरचे वाल वाढत गेले. पेणच्या विज्ञान प्रदर्शनात मला ठेवलं, तेव्हा मुलं माझ्याभोवती गोळा झाली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मित्रांनो, तेव्हा मला वाटायचं, आपण फार चांगलं काहीतरी शिकवतो आहोत.

मग तिसऱ्या वर्षी बिनसलं. ते माझ्यावर बिनसलं नाही, खाडीवर बिनसलं.

बांधाला एका जागी दारं असतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बाहेरचं अडवायचं. तिला उघाडी म्हणतात. करंजखारच्या लोकांनी जिताडे मासे आत यावेत म्हणून भरतीला उघाडी थोडी सोडली. खारं पाणी धामणखारच्या शेतात शिरलं आणि रोपं पिवळी पडली. भांडण झालं. तोवर दोन्ही गावांची एक जुनी पद्धत होती. बांधाला चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, बीळ दिसलं, त्यातून पाणी पाझरताना दिसलं, की ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. मग दोन्ही गावांतले लोक चिखल आणि पेंढा घेऊन धावायचे. त्या भांडणानंतर ओरडणं थांबलं. ज्याने त्याने आपापला तुकडा राखायचा, असं ठरलं.

पुढच्या रविवारी जितेश खेळायला बसला आणि म्हणाला, “हिमखार आजपासून टेहळणीचं पाणी बंद करतंय.”

“का?” बाईंनी विचारलं.

“माझी मर्जी.”

“करार आहे जितेश.”

“करार यांच्या गावालाबी होता.”

टेहळणीचे वाल एकेक करून कमी होऊ लागले. तहानेने मेले, असं वहीत लिहावं लागायचं. पुंडलिककाकांनी मध्यस्थी केली, पण लोखंड मात्र दोघांनाही विकत राहिले. प्रविणने जितेशशी गुपचूप वेगळा करार केला. तो कागद दोघांनी माझ्या खाली सरकवून ठेवला होता. दोन महिने तो माझ्या पाठीला चिकटून होता. मला सगळं माहीत होतं. पण मला तोंड नव्हतं.

मग वादळाचा फासा पडला. तो वाटीखाली झाकलेला असायचा आणि नियमाप्रमाणे फक्त टेहळणीच्या भाविकाने बघायचा. तिने वाटी उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकली. तिचा चेहरा बदलला नाही. दोन डाव तसेच गेले. तिसऱ्या डावाला, वादळ पोचायची वेळ झाल्यावर, बाईंनी वाटी उचलली.

“भाविका, हे तुला दिसलं होतं?”

“व्हय.”

“मग खबर?”

“करार त्यांनी मोडला बाई. मी खोटं काय बोलले नाय.”

वादळ हिमखारवर आलं होतं. तिथे नऊ वाल होते. बाईंनी आठ उचलले. कोणीतरी बोलेल म्हणून त्या थांबल्या होत्या. पण प्रविणने टाळी वाजवली. “डोकं हाय गो तुला,” तो म्हणाला. भाविका हसली. पुंडलिककाका उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि जितेश माझ्याकडे बघत राहिला, फार वेळ. त्या नजरेत राग असता, तर मला इतकी भीती वाटली नसती. तो काहीतरी शिकत होता.

त्यानंतर तो यायचा बंद झाला. धुळीने माझे चंद्र मळले. नमिताबाई कधीतरी येऊन मला पुसायच्या आणि म्हणायच्या, “चूक माझी. मी एवढं कठीण जग काढायला नको होतं.”

सात महिन्यांनी, नारळी पौर्णिमेच्या जवळचा रविवार होता. सकाळी साडेदहाला जितेश अचानक आला. बाईंना आनंद झाला. पुंडलिककाका आदल्या दिवशीच आलेले होते, बाकीच्यांना बाईंनी फोन करून बोलावलं. भाविका तेव्हा पेणहून गाडीत बसलेलीच होती, रोह्याला तिला नात्यात काम होतं. अकरा वाजून गेल्यावर पुन्हा चौघं माझ्याभोवती बसले. बाईंनी वाल मांडले.

जितेशने माझ्या कडेवर हात ठेवला आणि मला खाडीचा वास आला. त्याच्या नखांत ओला, काळा चिखल होता. हात गार होता. तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

“बांधावर गेला होतास?” भाविकाने विचारलं. सात महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

“व्हय.”

“आज उधाण हाय. कसा हाय बांध?”

जितेशने समोरचा एक वाल सरळ केला. मग म्हणाला, “हाय तसाच.”

काकांनी डाव टाकला. मग प्रविणने. माझ्यावर वाल सरकत होते आणि मला त्यांचं ओझं वाटत होतं. पावणेबारा झाले. बाईंनी चहा आणला. जितेशने कपाला हात लावला नाही.

“तुझं घर काय म्हणतंय गो?” काकांनी भाविकाला सहज विचारलं. “आई बरी?”

“आई नेहमीसारखीच. बोलले, उधाणाचं जाऊ नको, तर ऐकेल ती? उघाडीवर गेलीय जाळं घेऊन. आज जिताडा लागतोय म्हणते.”

जितेश ताडकन उभा राहिला. त्याचा गुडघा मला लागला आणि सगळे वाल जमिनीवर उडाले.

“फोन लाव,” तो म्हणाला. “आईला फोन लाव.”

“ती फोन नेत नाय. का?”

“कुणालाबी लाव! बांध फुटतोय. तुमच्या बाजूनं, उघाडीजवळ. पाणी उकळल्यासारखं येतंय बिळातून.”

“तुला कसं ठाऊक?”

“मी सकाळी बघितलं.”

भाविकाने त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग ती फोन लावू लागली. वडलांना लावला, लागला नाही. शेजारच्या सगुणाकाकूंना लावला. “काकू, आईला बोलवा, उघाडीवरून बोलवा, धावत जा,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. फोनमधून सगुणाकाकूंचा धावतानाचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मग तो श्वास थांबला. मग काकूंचा आवाज आला, अगदी हळू.

“भाविका गो, उघाडी दिसत नाय.”

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बांधाला तीस हात रुंद खांड पडली होती आणि खाडी आत आली होती.

भाविकाची आई धोंडुबाई दुपारी तीन वाजता तिवराच्या झाडांत अडकलेली सापडली. धामणखारच्याच होडीने तिला काढलं. ती जिवंत होती, पण पोटात आणि छातीत चिखलाचं पाणी गेलं होतं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. दोन्ही गावांची शेतं खारी झाली. पाणी करंजखारवर थांबेल आणि आपल्या बाजूचा जोर कमी होईल, असं जितेशला वाटलं होतं. पाण्याला वहीतले नियम ठाऊक नव्हते. मधला लहान बांध त्याने तासाभरात पार केला आणि जितेशच्या स्वतःच्या घराच्या पायरीपर्यंत ते आलं.

मित्रांनो, खरी भीती त्यानंतर सुरू झाली. धामणखारवाल्यांनी रातोरात बांध कापला, अशी बातमी करंजखारमध्ये पसरली. ते खोटं होतं. पण खरं काय होतं, ते फक्त अष्टमीच्या माडीवरच्या पाच माणसांना ठाऊक होतं, आणि मला. करंजखारची तरुण मुलं काठ्या जमवू लागली. धामणखारच्या बायका पेणच्या बाजाराला जाताना वाट बदलू लागल्या. दोन गावांत ठरलेली दोन लग्नं मोडली.

एक दिवस भाविका माडीवर आली. बाई आणि प्रविण तिथे होते.

“तू सांगत का नाहीस?” प्रविणने विचारलं. “गप्प राहिलीस म्हणून त्याला वाचवलंस, असं होतंय.”

“सांगितलं तर आमची पोरं त्याला ठेवणार नाय. नाय सांगितलं तर सगळ्या धामणखारला ठेवणार नाय.” तिने माझ्या टेहळणीवर बोट ठेवलं. “बाई, त्या दिवशी मी वाटी झाकली, तेव्हा मला लय बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की मला त्याच्यावर धड रागवतापण येत नाय.”

बाईंनी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी पुंडलिककाका पुढे झाले. त्यांनी मला पेणला नेलं, पालथं घातलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर रंगवायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी खाडी काढली. बांध काढला, उघाडी काढली, दोन गावं काढली. खांड पडली ती जागा तांबड्या रंगाने दाखवली. त्यांचा कधी न हलणारा हात तेवढ्या जागी हलला. ती रेघ अजूनही वाकडी आहे.

मग दोन्ही गावांची बैठक शाळेत भरली. मला फळ्याला टेकवून उभं केलं होतं. पोलीसही बाहेर होते. जितेश पुढे आला. त्याने माझ्या पाठीवरच्या तांबड्या जागेवर बोट ठेवलं.

“बांध कुणी कापला नाय,” तो म्हणाला. “हितं बीळ होतं. मी बघितलं होतं. मी सांगितलं नाय.”

गोंगाट उठला. बाकं सरकली, कोणीतरी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात मागून एक म्हातारा माणूस उठला. भाविकाचे वडील, बाबाजी. सगळे थांबले.

“किती वाजता बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“आठ वाजता.”

“भरती कितीची होती?”

“साडेबाराची.”

बाबाजींनी मनात काहीतरी मोजलं. “साडेचार तास,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मित्रांनो, त्यांनी शिवी दिली असती तरी जितेशला ती सोसली असती. तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळाने बाबाजी पुन्हा म्हणाले, “याला मारू नका. याला बांधावर ठेवा. रोज बघेल, रोज सांगेल. मी माफ केलं असं कुणी समजू नये.”

तसंच झालं. नवा बांध झाला, त्यावर ही खोप झाली आणि मला इथे आणून उभं केलं. माझ्या शेजारी दोरीला खडू बांधला. ज्याला बीळ दिसेल, पाझर दिसेल, त्याने माझ्यावरच्या नकाशात त्या जागी फुली मारायची आणि दोन्ही गावांना फोन करायचा. जितेश पहाटे कामावर जाण्याआधी यायचा आणि संध्याकाळी परत यायचा. तीन पावसाळे त्याने एक दिवस चुकवला नाही. कधी कधी भाविकाही यायची. दोघं बोलायचे नाहीत. ती एका बाजूने बांध चालत जायची, तो दुसऱ्या बाजूने, आणि दोघांच्या फुल्या माझ्यावर उमटायच्या. शेतांतला खार उतरला. यंदा पहिल्यांदा भात लावलं.

पण भात हिरवं दिसू लागलं तसे लोक विसरू लागले. निवडणूक झाली. उघाडीची किल्ली कोणत्या गावाकडे राहावी, यावरून दोन्हीकडचे नवे पुढारी बोलेनासे झाले. आधी करंजखारची माणसं बांध बघायच्या पाळीला यायची थांबली, मग धामणखारची. भाविकाचं लग्न होऊन ती अलिबागच्या बाजूला गेली. गेल्या महिन्यात कंपनीने जितेशला गुजरातला पाठवलं. जाण्याआधी तो दोन्ही गावांत घरोघर फिरला. “एकानं तरी रोज जा,” म्हणून हात जोडले. सगळ्यांनी व्हय म्हटलं, आणि काही दिवस कोणी ना कोणी आलंही.

मित्रांनो, आज चौथा दिवस आहे. खोपीत कोणी आलेलं नाही. खडू दोरीला तसाच लोंबतो आहे. बाहेर ढग उतरले आहेत आणि उद्या उधाणाची भरती आहे. काल दुपारपासून बांधाच्या आतल्या बाजूने एक बारीक आवाज येतो आहे, भांड्यात पाणी ओतल्यासारखा. मी लाकडाची फळी आहे. मला चालता येत नाही, फुली मारता येत नाही.

तुम्हांला येतं. तुमच्या शाळेत, तुमच्या आळीत, तुमच्या गावाच्या सीमेवर काही फुटताना दिसलं, तर समोरचा आपला आहे की परका, त्याने आपलं ऐकलं होतं की नव्हतं, याचा हिशेब करत बसू नका. आधी ओरडा. भांडण नंतरही करता येतं. आणि तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलं, तर माझे रंग बघायला थांबू नका, सरळ गावात धावत जा. कारण सकाळपासून माझ्या खालच्या कडेला ओल लागली आहे, आणि आता ती हिमखारपर्यंत चढली आहे.